हबशी चरित्रनायक आणि मराठी चरित्रवाङ्मय: एक आढावा

आफ्रिकी वंशाच्या थोर पुरुषांशी मराठी वाचकाचा जो परिचय झाला तो बहुतांशी अमेरिकेच्या वाटेने झाला. बुकर वॉशिंग्टन, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांच्यामागून दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला ही नावे ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कोणत्याही वाचनालयाच्या सभासदाला ऐकून तरी ठाऊक असतात, आणि त्यांपैकी एकदोघांची चरित्रे त्याने विद्यार्थिदशेत मन लावून वाचलेलीही असतात. परंतु ज्या उत्तर कोकणात हा सभासद राहतो त्या मुलखाच्या जमाबंदीवर ज्याचा ठसा उमटला तो निजामशाहीचा हबशी वजीर, ज्यांच्या आरमाराला पायबंद घालण्यासाठी कल्याणच्या खाडीत शिवाजी महाराजांनी गलबते बांधावयास घेतली ते जंजिऱ्याचे सिद्दी, आणि नाशिकजवळच्या शरणपुरात वाढून पुढे पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात आपले स्थान मिळविणारी मुक्त गुलामांची मुले, यांच्याविषयी त्यालाच विचारले तर शत्रू, परका किंवा अनाथ यांपलीकडे त्याला काही सांगता येत नाही. दूरच्यांविषयी आपल्याला माहिती आहे आणि आपल्या उंबरठ्याशी नांदलेल्यांविषयी नाही, ही स्थिती वाचकाच्या अनास्थेमुळे आलेली नसून चरित्रकारांनी ज्या दिशेला दृष्टी लावली तिच्यामुळे आली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मराठीत या विषयाचा उगम चरित्रग्रंथात नाही. तो एका अर्पणपत्रिकेत आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेत निग्रोंची गुलामगिरी मोडून काढणाऱ्या तेथील भल्या माणसांना अर्पण केली, आणि आपले देशबांधवही त्यांचा कित्ता गिरवून शूद्रातिशूद्रांना दास्यातून सोडवितील अशी आशा व्यक्त केली. लिंकनच्या मुक्तिघोषणेला त्या वेळी अवघी दहा वर्षे झाली होती. पुण्यात बसून अटलांटिकपलीकडच्या घटनेचा आपल्या समाजाशी असलेला संबंध इतक्या सत्वर आणि इतक्या निःसंदिग्ध शब्दांत सांगणारा दुसरा विचारवंत त्या काळी हिंदुस्थानात क्वचितच आढळेल. तथापि एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ही कृतज्ञता मुक्त करणाऱ्यांविषयी होती. जे मुक्त झाले, आणि ज्यांनी स्वतःच्या मुक्तीसाठी जिवावर उदार होऊन धडपड केली, ती फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन यांच्यासारखी माणसे व्यक्ती म्हणून मराठी दृष्टिपथात अद्याप आली नव्हती. फुल्यांचा हेतू चरित्र लिहिण्याचा नव्हताच, तेव्हा हे त्यांचे न्यून ठरत नाही. परंतु पुढील अर्धशतकभर मराठी मनात कृष्णवर्णीय मनुष्य करुणेचा विषय म्हणून राहिला आणि पराक्रमाचा धनी म्हणून त्याची गणना उशिरा होऊ लागली, हे त्या काळचे वाङ्मय चाळणाऱ्याच्या ध्यानी आल्यावाचून राहत नाही.

ही दृष्टी पालटण्याचे पहिले श्रेय बुकर वॉशिंग्टन यांच्या आत्मचरित्राकडे जाते. नागेश वासुदेव गुणाजी यांनी ते ‘आत्मोद्धार’ या नावाने मराठीत आणले. गुलामाच्या झोपडीत जन्मलेला मुलगा शिक्षणासाठी शेकडो मैलांची पायपीट करतो, आणि पुढे १८८१ साली अलाबामातील टस्कीगी येथे विद्यार्थ्यांच्याच हातांनी विटा भाजून, भिंती उभारून एक विद्यापीठसदृश संस्था निर्माण करतो, ही कथा राष्ट्रीय शिक्षणाच्या आणि स्वावलंबनाच्या चळवळीने भारलेल्या त्या पिढीला आपलीशी वाटली यात नवल नाही. मात्र वॉशिंग्टन यांच्या मार्गाला त्यांच्याच समाजातून जो प्रखर विरोध झाला, उद्योगशिक्षण घ्या पण मताधिकाराचा आग्रह तूर्त सोडा या त्यांच्या तडजोडीवर विल्यम ड्यू बॉइस यांनी १९०३ साली जी टीका केली, तिचा गंभीर परामर्श मराठीत त्या काळी कोणी घेतलेला दिसत नाही. चरित्रनायक आला, पण त्याच्याभोवतीचा वाद आला नाही.

ड्यू बॉइस यांची ओळख मराठी माणसाला व्हावयाची ती एका पत्रव्यवहाराने झाली, आणि तीही फार उशिरा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि कृष्णवर्णीयांची वस्ती जेथे झपाट्याने वाढत होती तो हार्लेमचा भाग विद्यापीठाला लागूनच होता. पुढे १९४६ साली अमेरिकेतील निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे एक अर्ज गुदरला गेल्याचे कळताच बाबासाहेबांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्याच्या प्रती मागविल्या, आपण निग्रोंच्या प्रश्नाचे अभ्यासक असल्याचे कळविले आणि अस्पृश्यांच्या स्थितीशी त्यांच्या स्थितीचे साम्य दाखवून दिले. ड्यू बॉइस यांनी जुलैअखेरीस त्याला आस्थापूर्वक उत्तर पाठविले. हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय विद्वान आणि कोलंबियाचा हा महार विद्यार्थी, दोघेही समाजशास्त्राच्या आणि इतिहासाच्या कठोर अभ्यासातून आपल्या जमातीच्या मुक्तीचे शास्त्र रचीत होते. या दोन जीवनांचे समांतर चरित्र हा मराठीतील एका समर्थ लेखकाची वाट पाहत असलेला विषय आहे. ड्यू बॉइस १९६३ साली घानाच्या राजधानीत, अक्रा येथे, वारले. त्यांच्या पंचाण्णव वर्षांच्या आयुष्याचा विस्तार पाहता मराठीत त्यांना मिळालेली जागा अत्यल्प आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न चरित्रकारांकडून झाला नाही. तो दलित साहित्याच्या प्रवर्तकांनी केला. डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील आपल्या अध्ययनानंतर निग्रो साहित्याचा दाखला देऊन दलित लेखकांना स्वतःच्या अनुभवावर उभे राहण्याचे आवाहन केले, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ लिहून त्या साहित्याची पद्धतशीर ओळख करून दिली, आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृतींनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले तेव्हा १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये निघालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचा वारसा त्यांनी उघडपणे सांगितला. हा संबंध अनुकंपेचा उरला नव्हता, तो समदुःखी आणि समानधर्मी माणसांचा झाला होता. त्यातून कविता निघाली, आत्मकथने निघाली, जाहीरनामे निघाले. परंतु माल्कम एक्स किंवा ब्लॅक पँथरचे नेते ह्यूई न्यूटन यांच्या आयुष्याची साधार, विस्तृत मांडणी करण्याची निकड त्या धगधगत्या दिवसांत कोणाला वाटली नाही, आणि ती धग ओसरल्यावर त्या कामाला कोणी लवकर हात घातला नाही.

अशा वेळी, १९८१ साली, राजहंस प्रकाशनाने वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे पुस्तक काढले. शिक्षणाने ग्रंथपाल असलेल्या आणि वसईत राहणाऱ्या या लेखिकेने आपल्या चरित्रलेखनाचा आरंभ या पुस्तकाने केला. वसई तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता, आणि २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला तेथवर तो ठाण्याचाच राहिला, तेव्हा ठाणेकरांनी या ग्रंथाविषयी घरचा अभिमान बाळगला तर तो अनाठायी ठरणार नाही. मिसूरी प्रांतात गुलाम आईच्या पोटी जन्मलेले अर्भक, आईसह पळवून नेलेले आणि एका घोड्याच्या बदल्यात परत मिळालेले. आई कायमची हरवलेली. रंग पाहून एका महाविद्यालयाने दाराशी आल्यावर नाकारलेला प्रवेश. चित्रकलेची विलक्षण जाण. आयोवाच्या कृषी महाविद्यालयातील पदव्या. आणि १८९६ साली बुकर वॉशिंग्टन यांच्या निमंत्रणावरून टस्कीगीला जाऊन तेथेच १९४३ सालापर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, केलेली सेवा. कापसाने निःसत्त्व झालेल्या दक्षिणेच्या जमिनीत भुईमूग आणि रताळी पिकविण्यास दरिद्री शेतकऱ्यांना प्रवृत्त करणारा, आणि त्यांच्या दारापर्यंत प्रयोगशाळा जावी म्हणून १९०६ साली फिरत्या गाडीची योजना अमलात आणणारा हा शास्त्रज्ञ लेखिकेने अशा ऋजू, अलंकारविरहित भाषेत उभा केला की चार दशकांत या पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या आणि असंख्य मराठी घरांत मुलाच्या हाती द्यावयाचे पहिले गंभीर पुस्तक असे स्थान त्याला प्राप्त झाले.

या यशाचे विश्लेषण केले पाहिजे, कारण त्यातच आपल्या चरित्रवाङ्मयाचे बळ आणि मर्यादा दोन्ही दिसून येतात. बळ हे की परक्या देशातील, परक्या वंशातील माणूस मराठी वाचकाने कोणत्याही आडपडद्यावाचून आपल्या कुटुंबातील वडीलधाऱ्यासारखा स्वीकारला. जातीने आणि वर्णाने विभागलेल्या समाजात हे थोडे नव्हे. मर्यादा ही की वाचकाने त्यातून श्रम, निरिच्छता, चिकाटी हे गुण घेतले, आणि ज्या व्यवस्थेने या असामान्य बुद्धीला आयुष्यभर वेगळ्या डब्यात बसविले, ज्या दक्षिणेत त्याच्या हयातीत माणसांना झाडाला टांगून मारले जात होते, ती व्यवस्था पार्श्वभूमीच्या धूसर रंगात विरून गेली. हा लेखिकेचा दोष मानण्यापेक्षा वाचनाच्या रीतीचा मानणे अधिक न्याय्य होईल. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली सुरू केलेल्या ‘बालबोध’ मासिकापासून मराठीत चरित्र हे प्रामुख्याने मुलांच्या शीलसंवर्धनाचे साधन मानले गेले. त्या साधनात सद्गुण ठळक होतात आणि संघर्ष सौम्य होतो.

किंग आणि मंडेला यांच्याविषयी येथे फार लिहिण्याचे प्रयोजन नाही. किंग १९५९ साली भारतात आले तेव्हा मुंबईच्या मणिभवनात मुक्कामास होते, आणि मंडेला यांना १९९० साली भारतरत्न देण्यात आले. गांधीजींच्या संदर्भाने दोघांचीही छोटीमोठी मराठी चरित्रे निघाली आणि निघत राहतील. त्यांतील पुष्कळशी इंग्रजी चरित्रांचे संक्षेप आहेत. त्यांनी आपले काम केले आहे. त्यांत स्वतंत्र शोध नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही.

स्वतंत्र शोधाला जेथे अमर्याद वाव आहे तो विषय आपल्याच भूमीत आहे, आणि त्याचे नाव मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्यास इथिओपियाच्या हरार भागात जन्मलेला, चापू नावाचा हा मुलगा गुलामांच्या बाजारातून मोखा आणि बगदाद असा विकला जात, अंबर हे नवे नाव घेऊन दख्खनमध्ये आला, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम होता, ही गोष्ट त्या राज्याची घडण सांगून जाते. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, विजापुरात त्याने शिपाईगिरी केली, तेथेच ‘मलिक’ ही पदवी मिळविली, आणि शतकाच्या अखेरीस दीडएकशे स्वारांनिशी पुन्हा निजामशाहीत परतला. १६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, चांदबिबी मारली गेली, आणि राज्य बुडाले असे दिल्ली दरबाराने धरले. त्याच वर्षी अंबरने परांड्यास निजामशाही घराण्यातील एका तरुणाला दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसविले आणि पुढील पंचवीस वर्षे त्या बुडालेल्या राज्याला जिवंत ठेवून अकबर-जहांगिराच्या सेनापतींना दख्खनच्या डोंगरदऱ्यांत जेरीस आणले.

त्याच्या पराक्रमाची साक्ष त्याच्या शत्रूंनीच नोंदवून ठेवली आहे. जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात त्याचे नाव शिवीशिवाय क्वचितच उच्चारले. आपण धनुष्याने अंबरच्या छाटलेल्या मस्तकाचा वेध घेत आहोत असे चित्र त्याने दरबारी चित्रकाराकडून काढवून घेतले, ते मस्तक प्रत्यक्षात कधीही हाती लागले नसता. १६२६ च्या मे महिन्यात, वयाच्या ऐंशीच्या सुमारास, अंबर आपल्या मुलखात, आपल्या बिछान्यावर मरण पावला. तेव्हा जहांगीराचाच तवारीखनवीस मुतमदखान याने त्याच्या सेनापतित्वाची आणि न्यायीपणाची मुक्तकंठाने स्तुती लिहून ठेवली. शिवाजी महाराजांच्या दरबारचे कवींद्र परमानंद यांनीही ‘शिवभारतात’ अंबरचा उल्लेख शत्रू म्हणून केला नाही, तर शहाजीराजादी वीर ज्याच्याभोवती एकवटले असा तेजस्वी सेनानी म्हणून केला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजेचा त्याने जो पराभव केला त्यात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. मराठ्यांच्या गनिमी काव्याची शाळा कोणती, हा प्रश्न विचारला की या लढाईपाशी थांबावे लागते.

परंतु प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने अंबरचे खरे स्मारक रणांगणावर नसून जमीनमहसुलाच्या दप्तरात आहे. ग्रँट डफने १८२६ साली लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याच्या जमाबंदीचे जे वर्णन केले आहे त्यावरून असे दिसते की त्याने महसुलाचा इजारा बंद केला, वसुलाचे काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती देऊन त्यांवर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली, मोडकळीस आलेली गावगाड्याची व्यवस्था सावरली, आरंभी पिकाचा ठरावीक वाटा धान्यरूपाने घेऊन काही हंगामांच्या अनुभवानंतर त्याचे नगदी साऱ्यात रूपांतर केले. आणि हा नगदी सारा उत्पन्नाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका होता अशी लोकपरंपरा होती. शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या आरंभीची जमाबंदी याच पायावर उभी राहिली, आणि ‘मलिकंबरी’ हा शब्द महसुली कागदांत त्यानंतर कितीतरी काळ वावरत राहिला. कल्याण आणि त्याच्या पाठीमागचा मुलूख १६३६ च्या तहाने विजापूरकरांकडे जाईपर्यंत निजामशाहीत होता. कँबेलने संपादिलेल्या १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जमीनमहसुलाच्या प्रकरणात अंबरच्या व्यवस्थेचा निर्देश येतो तो याच कारणाने. म्हणजे आज ज्या जमिनींवर डोंबिवलीच्या इमारती उभ्या आहेत त्या भागातील खाजणे आणि भातशेते ज्या राज्याच्या दप्तरात दाखल होती त्याचा कारभार काही काळ एका मुक्त हबशी गुलामाच्या हाती होता.

त्याने १६१० साली खडकी हे नगर वसविले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर आहे; त्या नगराला डोंगरातून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याच्या स्थापत्यदृष्टीची साक्ष देते, आणि खुलदाबाद येथे त्याने हयातीतच बांधून घेतलेली कबर आजही उभी आहे.

अशा पुरुषाचे मराठी चरित्र कोणत्या अवस्थेत आहे? गो. स. सरदेसाई यांच्या ‘मुसलमानी रियासती’त त्याला स्थान मिळाले, पण ते एका राज्याच्या कथेतील प्रकरण म्हणून. भ. ग. कुंटे यांनी निजामशाहीची फारसी साधने मराठीत आणून अभ्यासकांवर मोठे उपकार केले. परंतु ज्या ‘बुर्हाने मासिर’वर त्या कामाची भिस्त आहे ती तवारीख सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे अंबरचा उत्कर्ष सुरू होण्यापूर्वीच, संपते. राधेश्याम यांचे इंग्रजी चरित्र १९६८ साली निघाले. भास्कर गोपाळ तामसकर यांनी १९७८ साली अंबरच्या जीवनकार्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला तो इंग्रजीत लिहिला. रिचर्ड ईटन यांनी २००५ साली दख्खनच्या सामाजिक इतिहासावरील आपल्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण त्याला दिले तेही इंग्रजीत. आणि ओमर अली यांचे २०१६ चे छोटे चरित्र अमेरिकेतील विद्यार्थ्यांसाठी आहे. ज्या मुलखात तो वावरला त्याची भाषा बोलणाऱ्यांच्या घरोघरी ‘कार्व्हर’सारखे पोचलेले त्याचे चरित्र मात्र नाही.

येथे कोणी असे म्हणेल की साधने विखुरलेली आहेत, फारसी येणारे अभ्यासक विरळ आहेत, आणि नायक निर्दोष नाही. साधने विखुरलेली आहेत हे खरे. पण देशमुख-देशपांड्यांच्या आणि इनामदारांच्या घरांतील त्याच्या अमलाची फर्माने आणि खुर्दखते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी शतकभर जतन आणि प्रसिद्ध केली आहेत. डच व्यापारी पीटर व्हॅन डेन ब्रुक १६१७ साली त्याला प्रत्यक्ष भेटला आणि त्याने त्याच्या चेहऱ्याचे, बांध्याचे, लष्करी शिस्तीचे वर्णन लिहून ठेवले. नायक निर्दोष नाही हेही खरे. अंबरची मुलगी सुलतानाच्या जनानखान्यात होती. तिचा दासी म्हणून एका इराणी बेगमेने अपमान केला आणि त्याच्या परिणामी तरुण मुर्तजाला विष देण्यात आले, असे तोच व्यापारी लिहितो. खुद्द गुलामगिरीतून वर आलेल्या बापाला हा शब्द कोठे लागला असेल याची कल्पना करता येते, आणि तरीही राजहत्येचा आरोप राजहत्येचाच राहतो. ज्याला फक्त सुभाषिते आणि सद्गुण वेचावयाचे आहेत त्याने या चरित्राच्या वाटेला जाऊ नये. ज्याला माणूस समजून घ्यावयाचा आहे त्याला याहून समृद्ध विषय मध्ययुगीन दख्खनमध्ये मिळणे कठीण.

जंजिऱ्याच्या सिद्दींच्या वाट्याला तर इतकेही आले नाही. मराठी ऐतिहासिक वाङ्मयात सिद्दी म्हणजे न घेता आलेला पाणकोट, आणि सिद्दी जौहर म्हणजे १६६० चा पन्हाळ्याचा वेढा. वास्तविक त्याच वेढ्याच्या प्रसंगी सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह हे महाराजांच्या पक्षाकडून लढत होते, आणि तो मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. म्हणजे हबशी वीर दोन्ही बाजूंना होते. कल्याण-भिवंडी महाराजांच्या ताब्यात १६५७ साली आली. त्यानंतर दोन वर्षांच्या आत कल्याण, भिवंडी आणि पनवेल येथे शहाजीचा मुलगा लढाऊ जहाजे बांधीत असल्याची चिंता पोर्तुगीजांच्या कागदपत्रांत उमटू लागते. त्या आरमाराचा तात्कालिक रोख दंडा-राजपुरीच्या सिद्दीवर होता. दुर्गाडी किल्ल्यावर उभे राहून खाडीकडे पाहणाऱ्या कल्याणकराला मराठी आरमाराचा उगम सांगितला जातो. पण तो उगम ज्या प्रतिस्पर्ध्यामुळे झाला त्याच्याविषयी कोणी काही सांगत नाही. १६७१ साली होळीच्या रात्री दंड्याचा किल्ला मराठ्यांकडून परत घेणारा सिद्दी कासीम, म्हणजेच याकूतखान, हा त्या शतकातील पश्चिम किनाऱ्यावरचा अव्वल दर्जाचा दर्यासारंग होता. १६८९ साली त्याने मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना त्यांच्याच किल्ल्यात कोंडून धरले. मुरूडजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी आहेत. त्या पाहावयास पर्यटक जातात. त्यांखाली निजलेल्यांची चरित्रे मराठीत शोधणाऱ्याच्या हाती बखरींतील तुटक उल्लेख आणि संस्थानी गॅझेटियरांतील वंशावळ्या एवढेच येते. चिमाजीअप्पांनी १७३६ साली सिद्दी सात याला रणात मारले आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ठाणे जिंकले, हा क्रम आपल्या शालेय इतिहासात येतो, पण सिद्दी सात कोण होता हे त्यात येत नाही.

पोर्तुगीजांच्या अमलातील ठाणे-वसईत मोझांबिककडून आणलेले कितीतरी गुलाम घरकामाला आणि शिपाईगिरीला होते. त्यांची नावे उरली नाहीत, तेव्हा चरित्राचा प्रश्नच संभवत नाही.

ज्यांची नावे उरली, आणि तीही कागदावर ठळक उरली, अशांची एक तुकडी मात्र याच कल्याणहून पुढे जाणाऱ्या लोहमार्गावर, नाशिकजवळच्या शरणपूर येथे वाढली. चर्च मिशनरी सोसायटीने विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली तेथे ख्रिस्ती वसाहत स्थापिली होती. अरबांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात आणि त्यांपैकी पुष्कळांची रवानगी या आश्रमात होई. तेथे त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम, मुद्रण आणि धर्मशिक्षण मिळे. आफ्रिकेचे प्रवासी-संशोधक डॉ. लिव्हिंग्स्टन १८६६ साली तेथील आपल्या अखेरच्या प्रवासाला निघाले तेव्हा नाशिकचे नऊ तरुण त्यांच्याबरोबर गेले. चुमा नावाचा मुलगा मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत होता, तोही गेला, आणि मुंबईच्या गोदीत काम करणारा सुसी गेला. पुढे १८७२ साली लिव्हिंग्स्टनच्या मदतीसाठी जी माणसे पाठविली गेली त्यांत शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट होता.

१८७३ च्या १ मे रोजी लिव्हिंग्स्टन चितांबोच्या गावी निवर्तले. त्यानंतर या माणसांनी जे केले त्याला भूगोलसंशोधनाच्या इतिहासात तोड नाही. हृदय तेथेच एका झाडाखाली पुरून, प्रेत वाळवून, गुंडाळून, रोगराई आणि वैरी टोळ्यांमधून शेकडो मैल चालत, महिनोन्‌महिने वाहून, त्यांनी ते समुद्रकाठी बागामोयो येथे आणून पोचविले, आणि त्याच्याबरोबर लिव्हिंग्स्टनच्या रोजनिश्याही. अंत्यविधीची प्रार्थना वाचणारा आणि झाडाच्या बुंध्यावर लेख कोरणारा वेनराइट होता, कारण त्या तांड्यात उत्तम लिहितावाचता येणारा तोच होता, आणि ती विद्या त्याला नाशिकने दिली होती. १८७४ च्या १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनची शवपेटिका धरणाऱ्यांत हा शरणपूरचा विद्यार्थी उभा होता. त्याने स्वतः रोजनिशी लिहिली. ती त्या काळी जर्मन भाषेत प्रसिद्ध झाली. मराठीत ती अद्याप आलेली नाही.

या मंडळींची कहाणी येथेच संपत नाही. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या प्रेरणेने १८७५ साली मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली, तिला फ्रियरटाउन हे नाव मिळाले, आणि तिची घडी बसविण्यास प्राइस यांच्या हाताखाली गेले ते बहुतांशी नाशिककडचेच आफ्रिकी लोक होते. शिक्षक, सुतार, लोहार, धर्मोपदेशक अशा नात्यांनी त्यांनी केनियाच्या किनाऱ्यावर पहिल्या शिक्षित आफ्रिकी पिढीचा पाया घातला. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ साली धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले तेव्हा उरलेला तांडा परत आणण्याची जबाबदारी जोन्सनेच पार पाडली. मॅथ्यू वेलिंग्टन हा त्यांतील अखेरचा दुवा १९३५ पर्यंत मोंबासात हयात होता. डोनाल्ड सिम्प्सन यांनी १९७५ साली आफ्रिकेच्या संशोधनातील या उपेक्षित सहप्रवाशांवर एक इंग्रजी ग्रंथ लिहिला; मराठी मुलखात शिकून गेलेल्या या माणसांविषयी मराठीत मात्र स्थानिक इतिहासाच्या पानांतील परिच्छेदांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ठाण्या-कल्याणचा चाकरमानी नाशिकची गाडी पकडतो, शरणपूर रस्त्यावरून जातो, आणि हे नाव कोणाच्या शरणागतीचे आहे हे त्याला कोणी सांगत नाही.

विसाव्या शतकातही असा एक धागा आहे, तो थोडक्यात नोंदवितो. औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत १९४८ ते १९५४ पर्यंत नैरोबीत भारताचे प्रतिनिधी होते. जोमो केन्याटा यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता, आफ्रिकी तरुणांना भारतात शिकावयास शिष्यवृत्त्या मिळवून देण्यास ते झटले, आणि माऊ माऊच्या बंडाळीच्या काळात आफ्रिकी नेत्यांना त्यांनी दिलेला पाठिंबा इंग्रजांच्या डोळ्यांत इतका सलला की त्यांची तेथून बदली झाली. केन्याटांना इतक्या जवळून पाहिलेला दुसरा मराठी माणूस सांगता येणार नाही. अप्पासाहेबांच्या लेखनाच्या आधारे केन्याटांचे किंवा त्या पिढीतील अन्य नेत्यांचे चरित्र लिहिण्याची संधी मराठी लेखकाला होती, आणि आजही आहे.

या साऱ्याचा विचार करता असा निर्णय द्यावा लागतो की अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चरित्रांनी मराठी वाचकाची मनोभूमी घडविली, परंतु भारतातील आफ्रिकी वंशाच्या पुरुषांचा त्या भूमीवरील हक्क अद्याप मान्य झालेला नाही. याचे कारण वाङ्मयीन आहे तितकेच सामाजिकही आहे. दूरचा निग्रो आपल्याला आदर्श देतो आणि मोबदल्यात काही मागत नाही. जवळचा हबशी आपल्या इतिहासाच्या मांडणीतच जागा मागतो, आपले आणि परके यांच्या सीमारेषा पुन्हा आखावयास लावतो. त्यासाठी फारसी, डच, पोर्तुगीज आणि मिशनची इंग्रजी दप्तरे तपासावी लागतात, आणि तपासून जे निघेल ते प्रिय असो वा अप्रिय, लिहावे लागते.

हे काम करण्यास आपल्या भागात साधनांचा अभाव नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे यांनी १८९३ साली स्थापिले, आणि ‘मराठी दप्तरा’चे रुमाल छापून जुने कागद लोकांपुढे आणण्याची परंपराही त्याच भाव्यांनी ठाण्यात घालून दिली. डोंबिवलीने २०१७ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन भरविले. इतक्या ग्रंथप्रेमी नगरांना एका चरित्रकाराला दोन-तीन वर्षांची निश्चिंती देणारी अभ्यासवृत्ती उभारणे अवघड जाऊ नये. मलिक अंबरच्या मृत्यूला २०२६ साली चारशे वर्षे होतात. त्या निमित्ताने ठाण्या-कल्याणच्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन त्याचे साधार मराठी चरित्र लिहवून घ्यावे, आणि त्याच्याबरोबर जेकब वेनराइटची रोजनिशी मराठीत आणावी, अशी या लेखाच्या वाचकांना आणि त्या संस्थांच्या चालकांना माझी विनंती आहे.